पाणथळीतील पायवाट आणि प्रवेशाचा अधिकार : भरतपूरच्या केवलादेव घना उद्यानाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तळ्याकाठच्या पायवाटेने चालत जाऊन पक्षी पाहणे हा आज मध्यमवर्गीय समाजात रुळलेला छंद आहे. शाळा-महाविद्यालयांच्या निसर्गसहली, निवृत्तांचे गट, छायाचित्रकार व संशोधक असे विविध प्रकारचे लोक हिवाळ्यात पाणथळींकडे वळतात. सपाट, कोरडी व पाण्याच्या अगदी जवळून जाणारी वाट ही त्यांची पहिली गरज असते. अशी वाट उपलब्ध असली म्हणजे वृद्ध, बालके व चालण्यास अडचण असलेल्या व्यक्तींनाही पक्षिजीवनाचा आनंद घेता येतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा अमलात आल्यापासून सार्वजनिक स्थळांच्या सुगमतेचा विचार आपल्याकडे अधिक गांभीर्याने होऊ लागला आहे. निसर्गस्थळेही त्यातून वगळता येणार नाहीत.

परंतु पाणथळीतील वाट ही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. दलदलीत आपोआप कोरडी वाट तयार होत नाही. ती कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने, माती घालून बांधलेली असते. ती कोणी बांधली, कशासाठी बांधली आणि तिच्यावरून कोणाला जाऊ दिले व कोणाला अडविले, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतात. पर्यटनविषयक लेखनात या प्रश्नांना सहसा स्थान मिळत नाही. पर्यावरणविषयक लेखनात पक्ष्यांची गणना असते, पण वाटेचा इतिहास नसतो.

प्रस्तुत शोधनिबंधात राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून या प्रश्नांचा विचार केला आहे. भारतातील पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासात या स्थळाचे स्थान अनन्यसाधारण आहे. तेथील वाटांचा अडीचशे वर्षांचा प्रवास बऱ्याच अंशी ज्ञात असल्याने अशा अभ्यासासाठी ते योग्य ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

या अभ्यासाची पुढीलप्रमाणे तीन उद्दिष्टे निश्चित केली आहेत.

१. केवलादेव घना येथील बांध व वाटा कोणत्या टप्प्यांतून निर्माण झाल्या याचा मागोवा घेणे.
२. प्रत्येक टप्प्यावर या पाणथळीत प्रवेशाचा अधिकार कोणाला होता व कोणाला नव्हता हे तपासणे.
३. या इतिहासावरून आजच्या पाणथळ-पर्यटनाला, विशेषतः महाराष्ट्राला, कोणता बोध घेता येईल याचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

भूप्रदेश व नाव

केवलादेव घना हे उद्यान भरतपूर शहराला लागून, आग्रा-जयपूर मार्गाजवळ वसलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ २८.७३ चौरस किलोमीटर आहे. भारतातील राष्ट्रीय उद्यानांच्या तुलनेत हे क्षेत्र फारच लहान आहे. त्यातही प्रत्यक्ष पाणथळ केवळ एक-तृतीयांशाच्या आसपास असून उर्वरित भाग गवताळ व झुडपी आहे. एवढ्या छोट्या परिसरात साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे.

'केवलादेव' हे नाव उद्यानाच्या मध्यभागी असलेल्या शिवमंदिरावरून आले आहे, तर 'घना' म्हणजे दाट झाडी. या दुहेरी नावातच परिसराच्या जुन्या वापराची खूण आहे. एकीकडे भाविकांची ये-जा असलेले देवस्थान, तर दुसरीकडे सरपण, गवत व चराई पुरविणारे रान. पक्ष्यांचा उल्लेख या नावात नाही. येथे लोक येत होते ते देवासाठी आणि गुरांसाठी.

हा भाग मुळात नैसर्गिक खोलगट जमिनीचा आहे. गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या पुराचे पाणी पावसाळ्यात येथे पसरत असे व उन्हाळ्यात आटून जात असे. या अल्पकालीन पुराचे रूपांतर दीर्घकाळ टिकणाऱ्या पाणथळीत झाले ते मनुष्याने घातलेल्या बांधांमुळे.

बांधांची निर्मिती : शेती आणि संरक्षण

अठराव्या शतकात भरतपूरचे जाट राज्य उदयास आले. महाराजा सूरजमल (मृत्यू १७६३) यांच्या काळात अजान बांध बांधण्यात आल्याचे सांगितले जाते. मराठी वाचकाला सूरजमल हे नाव अपरिचित नाही. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर मारले गेले ते सूरजमल यांच्याशी झालेल्या संघर्षात. आणि १७६१ मध्ये पानिपताहून परतणाऱ्या मराठ्यांना आश्रय, अन्न व वस्त्र मिळाले तेही सूरजमल यांच्याच राज्यात. या राजकीय घडामोडींमागे भरतपूरची जी शक्ती होती तिचा एक आधार म्हणजे पाण्यावरील नियंत्रण होय.

शेतीसाठी पुराचे पाणी अडविणे आणि किल्ल्याच्या संरक्षणासाठी ते वापरणे ही दोन्ही कामे या प्रदेशात एकमेकांशी निगडित होती. १८०४ च्या अखेरीस डीग येथील लढाईनंतर यशवंतराव होळकरांना राजा रणजितसिंह यांनी भरतपुरात आश्रय दिला. त्यामुळे जनरल लेक याने १८०५ च्या जानेवारीत भरतपूरला वेढा घातला. त्याचे चारही हल्ले अयशस्वी ठरले व इंग्रजांच्या बाजूला तीन हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. मातीच्या रुंद तटाइतकाच पाण्याने भरलेला खंदक हे या अपयशाचे महत्त्वाचे कारण होते.

वीस वर्षांनी, डिसेंबर १८२५ मध्ये, लॉर्ड कॉम्बरमिअर याने पुन्हा वेढा घातला तेव्हा त्याने प्रथम मोती झीलचा बांध ताब्यात घेतला. तलावाचे पाणी खंदकात सोडता येऊ नये हा त्यामागील हेतू होता. जानेवारी १८२६ मध्ये भरतपूर पडले. भरतपूरच्या इतिहासात बांध ताब्यात असणे म्हणजे पाणी ताब्यात असणे, आणि पाणी ताब्यात असणे म्हणजे प्रवेशाचा निर्णय हाती असणे होय, हे या दोन वेढ्यांतून स्पष्ट होते. पुढील काळात शत्रू व शस्त्रे बदलली, तरी हे सूत्र कायम राहिले.

शिकारीचे तलाव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पाणथळीला नवे रूप देण्यात आले. मोरवी संस्थानच्या राजघराण्यातील हरभामजी हे त्या काळी भरतपूरचे प्रशासक होते. इंग्लंडमधील बदकांच्या शिकारीची राखीव क्षेत्रे पाहून त्यांनी घना भागात तशी व्यवस्था उभारण्याची कल्पना मांडली. अजान बांधातून कालव्याने पाणी आणून, आडवे-उभे बांध घालून, खोलगट जमिनीचे निरनिराळ्या कप्प्यांत विभाजन करण्यात आले. दरवाजांच्या साहाय्याने प्रत्येक कप्प्यातील पाण्याची पातळी कमी-जास्त करता येऊ लागली. पाण्यातील मातीच्या उंचवट्यांवर वाढलेल्या बाभळींवर पाणपक्ष्यांना घरटी करण्यास सोयीची जागा मिळाली.

या बांधांचे कार्य दुहेरी होते. ते पाणी अडवीत आणि त्याच वेळी शिकाऱ्याला कोरड्या पायांनी पाण्याच्या मध्यापर्यंत नेत. पाहुण्यांना आपापल्या जागी पोहोचविण्यासाठी बांधांचे माथे रुंद व सपाट असणे आवश्यक होते. आज पक्षिनिरीक्षक ज्या सपाट बांधांवरून चालतो, ते बांध मूळचे या गरजेतून आकाराला आले आहेत. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये सरळ वाट आणि पक्षी हाताच्या अंतरावर, ही जी रचना आज सुगमतेचा आदर्श वाटते, तिचा आराखडा मुळात बंदुकीच्या पल्ल्यानुसार ठरलेला होता.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत येथे पहिली मोठी शिकार झाली व तीत ५४० पक्षी मारले गेले. १९३८ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एकाच दिवसात ४,२७३ पक्षी मारण्यात आले. केवलादेव मंदिराजवळील शिलालेखांवर अशा शिकारींची तारीख, प्रमुख पाहुणा, बंदुकांची संख्या व मारलेल्या पक्ष्यांचा आकडा कोरून ठेवला आहे. संस्थानी राजवटीत शिकार हा केवळ करमणुकीचा विषय नव्हता. व्हाइसरॉयला निमंत्रण देणे व त्याने ते स्वीकारणे हा राजकीय संबंधांचा भाग होता. या दृष्टीने हे शिलालेख संस्थानच्या राजनैतिक इतिहासाचेही साधन ठरतात.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. शिकारीचा अधिकार महाराजांपुरता व त्यांच्या पाहुण्यांपुरता मर्यादित असला तरी भोवतालच्या गावांची गुरे या काळातही घनात चरत होती. अघापूर, जाटोली, घसोला यांसारख्या गावांचा या रानाशी दैनंदिन संबंध होता. म्हशी पाण्यात उतरून पाणगवत खात, गायबगळे त्यांच्या मागून फिरत, आणि बांधांवरून गुराखी जात. शिकारीचे दिवस सोडले तर वर्षभर या वाटा प्रामुख्याने त्यांच्याच होत्या.

शिकारीकडून निरीक्षणाकडे

१९४८ मध्ये भरतपूर संस्थान मत्स्य संघात व पुढे राजस्थानात विलीन झाले. शिकारीचे राखीव क्षेत्र ही सरंजामी चैन असून ही जमीन शेतीसाठी वाटून द्यावी, अशी मागणी या काळात पुढे आली. अन्नटंचाईच्या त्या वर्षांत ही मागणी गैर म्हणता येणार नाही. या प्रसंगी पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली (१८९६-१९८७) यांनी हा प्रश्न पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंत नेला व पाणथळ वाचली. १९५६ मध्ये येथे पक्षी अभयारण्य घोषित करण्यात आले. मात्र माजी महाराजांचा शिकारीचा हक्क त्यानंतरही चालू राहिला. शेवटची मोठी शिकार १९६४ मध्ये झाली व १९७२ मध्ये शिकारीचा हक्क पूर्णपणे संपुष्टात आला. अभयारण्य आणि शिकार यांचे हे सहअस्तित्व आज विसंगत वाटते. तथापि, नवी व्यवस्था जुनीला एका दिवसात बाजूला सारत नाही, हेच यातून दिसते.

येथे मुंबईचा संबंध येतो. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेने १९६० च्या सुमारास पक्षी-स्थलांतराचा व्यापक अभ्यास हाती घेतला. त्यात भरतपूर हे एक प्रमुख केंद्र होते. पक्षी जिवंत पकडून त्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालण्याचे काम सुरू झाले. येथे कडी घातलेली बदके पुढे सायबेरियापर्यंतच्या प्रदेशात सापडली आणि स्थलांतराच्या मार्गांविषयी ठोस पुरावा मिळू लागला. पक्षी पकडण्यासाठी बिहारमधील मीरशिकार समाजातील पारध्यांचे पारंपरिक कौशल्य उपयोगी पडले. पक्षी पकडून विकणे हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, ते लोक विज्ञानाचे सहकारी बनले. विज्ञानाच्या इतिहासात या श्रमाची नोंद पुरेशी झालेली नाही.

शिकारी ते निरीक्षक हे स्थित्यंतर भरतपूरपुरते मर्यादित नाही. सालिम अली यांची पक्ष्यांची ओळखच मुळी बालपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या पीतकंठी चिमणीपासून झाली. इंग्लंडमध्ये पीटर स्कॉट (१९०९-१९८९) हे तरुणपणी रानबदकांचे शिकारी होते. त्यांनीच १९४६ मध्ये सेव्हर्न नदीकाठी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था स्थापन केली व ती सर्वसामान्य लोकांसाठी खुली केली. दोन्ही ठिकाणी शिकाऱ्याचे ज्ञान निरीक्षकाच्या उपयोगी आले. वारा कोणत्या दिशेचा आहे, बदके कोणत्या वेळी उठतात, आडोसा कोठे घ्यावा, हे दोघांनाही जाणावे लागते. फरक एवढाच की, निरीक्षकाला पक्षी दुसऱ्या दिवशीही तेथेच हवा असतो.

भिंत, म्हैस आणि १९८२ चा संघर्ष

१ ऑक्टोबर १९८१ रोजी केवलादेव घना व ओरिसातील चिलिका या भारतातील पहिल्या दोन पाणथळींचा रामसर यादीत समावेश झाला. त्याच सुमारास घनाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. भोवती सुमारे दोन मीटर उंचीची भिंत उभी राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम ३५ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे. या तरतुदीच्या आधारे १९८२ मध्ये घनातील चराई बंद करण्यात आली.

पिढ्यान्पिढ्या ज्या गवतावर गावांची गुरे जगत होती ते एका आदेशाने बंद झाले. गावकऱ्यांना पुरेशी पूर्वसूचना व पर्यायी चारा मिळाला नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये ग्रामस्थ व पोलिस यांच्यात संघर्ष झाला. पोलिसांच्या गोळीबारात अनेक ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. मृतांच्या संख्येबाबत निरनिराळ्या लेखनात एकवाक्यता नाही. केवलादेव मंदिराजवळच्या शिलालेखांवर मारल्या गेलेल्या पक्ष्यांचा आकडा नेमका नोंदविलेला आहे; मारल्या गेलेल्या माणसांच्या आकड्याबाबत मात्र मतभेद आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला ही बाब अस्वस्थ करणारी आहे.

या घटनेचे पुढे जे घडले ते तितकेच महत्त्वाचे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० ते १९९० या दशकात डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली घनाच्या परिसंस्थेचा दीर्घकालीन अभ्यास केला. चराई हा पाणथळीला असलेला धोका आहे, असा त्यापूर्वी सर्वसाधारण समज होता. परंतु चराईबंदीनंतर पास्पलम जातीचे पाणगवत अनिर्बंध वाढून उघडे पाणी झाकले जाऊ लागले, असे या अभ्यासात आढळून आले. उघड्या पाण्यावर अवलंबून असलेल्या बदकांना व माशांना त्याचा फटका बसला. म्हशी हे गवत खाऊन व तुडवून मर्यादेत ठेवत होत्या. ज्या प्राण्याला शत्रू समजून बाहेर काढण्यात आले, तो या मानवनिर्मित पाणथळीच्या रचनेचाच एक घटक होता. मर्यादित प्रमाणात चराई पुन्हा सुरू करावी, असे मत अभ्यासकांनी मांडले.

त्यानंतर व्यवस्थापनाने ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची परवानगी दिली. विलायती बाभळीचा प्रादुर्भाव वाढल्यावर ती मुळासकट काढण्याच्या कामात गावकऱ्यांना सहभागी करून घेण्यात आले व काढलेले लाकूड त्यांना मिळाले. या उपायांतून काही प्रमाणात समेट झाला. परंतु म्हशीसह आत येणारा गुराखी आणि परवाना घेऊन विळ्याने गवत कापणारा मजूर यांच्या स्थानात मोठा फरक आहे. पहिल्याला परंपरेने चालत आलेला हक्क होता. दुसऱ्याला सवलत आहे.

पर्यटकाची वाट आणि रिक्षाचालक

१९८५ मध्ये युनेस्कोने केवलादेवचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. पर्यटकांची संख्या वाढली. प्रवेशद्वारापासून केवलादेव मंदिराकडे जाणारा सरळ डांबरी रस्ता हा उद्यानाचा कणा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कप्पे असून त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. रस्त्यातून मातीचे बांध फुटतात. चढ-उतार जवळजवळ नसल्याने चालणे, सायकल व सायकलरिक्षा हे तिन्ही पर्याय उपलब्ध आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात चित्रबलाक, पाणकावळे, तिरंदाज व बगळे यांची वसाहत रस्त्यावरूनच दिसते. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदके उघड्या पाण्यावर उतरतात.

येथील सायकलरिक्षाचालकांचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. त्यांपैकी अनेक शीख समाजातील आहेत. उद्यानाच्या प्रशासनाने व अभ्यासकांनी त्यांना पक्षी ओळखण्याचे प्रशिक्षण दिले आणि परवाने दिले. औपचारिक शिक्षण बेताचे असलेल्या या लोकांनी शेकडो पक्ष्यांची इंग्रजी नावे, हंगाम व सवयी आत्मसात केल्या. कोणत्या झाडाच्या ढोलीत पिंगळा बसतो हे त्यांना रोजच्या फेऱ्यांमुळे माहीत असते. ज्यांना लांबवर चालणे शक्य नाही, अशा पर्यटकांसाठी रिक्षा हेच सुगमतेचे खरे साधन ठरले. सुगमता ही केवळ सपाट पृष्ठभागाने साध्य होत नाही. वाट दाखविणाऱ्या माणसाचाही तीत वाटा असतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. भिंतीबाहेर पडलेल्या गुराख्यांच्या तुलनेत रिक्षाचालकांना नव्या व्यवस्थेत स्थान मिळाले, कारण त्यांचे काम पर्यटकाच्या गरजेशी जुळणारे होते.

वाट उरली, पाणी?

घनाचा पाणथळ भाग स्वयंपूर्ण नाही. त्याला दरवर्षी सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाण्याची आवश्यकता असते व ते परंपरेने अजान बांधातून येत असे. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यानंतर खाली येणारे पाणी घटले. २००३-०४ पासून हा प्रश्न तीव्र झाला. धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी उद्यानासाठी पाणी सोडण्यास विरोध केला. अठराव्या शतकात बांध शेतीसाठी व किल्ल्यासाठी होता, विसाव्या शतकाच्या प्रारंभी शिकारीसाठी; एकविसाव्या शतकात पाण्यावरील दावा सांगण्यासाठी शेतकरी व पक्षी समोरासमोर उभे राहिले. पुढे २०१२ च्या सुमारास गोवर्धन नाल्याचे पाणी नळवाहिनीने आणण्याची योजना पूर्ण झाली. पाण्यासोबत नदीतून येणारी माशांची पिल्ले व वनस्पतींची बीजे नळातून त्याच प्रमाणात येत नाहीत, ही अडचण मात्र शिल्लक राहते.

१९९० मध्येच केवलादेवचे नाव रामसर करारातील संकटग्रस्त पाणथळींच्या नोंदीत दाखल झाले होते. सायबेरियन क्रौंचाची कथा या ऱ्हासाचे प्रतीक मानली जाते. १९६४-६५ च्या हिवाळ्यात येथे सुमारे दोनशे सायबेरियन क्रौंच आले होते. संख्या घटत जाऊन २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरची जोडी दिसली. त्यानंतर हा पक्षी येथे आला नाही. त्याच्या नाहीसे होण्यास स्थलांतराच्या मार्गावरील शिकार हे प्रमुख कारण मानले जाते. त्यामुळे सगळा दोष भरतपूरच्या व्यवस्थापनावर टाकता येत नाही. तरीही एक गोष्ट खरी आहे. ज्या पक्ष्यासाठी जगभरातून लोक या वाटेवर येत, तो गेला आणि वाट तशीच राहिली.

महाराष्ट्राच्या संदर्भात

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर या पाणथळीला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हटले जाते. ही उपमा गौरवाची आहे, परंतु तिचा ऐतिहासिक अर्थही लक्षात घ्यावयास हवा. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. त्यामागे साचलेल्या गाळातून बेटे व उथळ पाणथळी निर्माण झाल्या आणि तेथे पक्षी येऊ लागले. म्हणजे येथेही पाणथळ ही बांधकामाची अनपेक्षित फलश्रुती आहे. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाले व जानेवारी २०२० मध्ये ही महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाली. निरीक्षण मनोरे व वाटा झाल्या, पर्यटक वाढले.

भरतपूरप्रमाणे येथेही परिसर गजबजलेला आहे. खाणगाव थडी, चापडगाव, मांजरगाव इत्यादी गावांची शेती पाण्याला लागून आहे. मासेमारी व चराईशी निगडित कुटुंबे आहेत. बंधाऱ्यातील पाण्याची पातळी कालव्यांच्या आवर्तनांनुसार बदलते व ती पक्ष्यांच्या सोयीने ठरत नाही. अशा स्थितीत 'महाराष्ट्राचे भरतपूर' होणे म्हणजे भरतपूरचे पक्षिवैभव मिळविणे एवढाच अर्थ घेऊन चालणार नाही. भरतपूरने १९८२ मध्ये जी किंमत मोजली ती टाळणे हाही त्या उपमेचा अर्थ असला पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. केवलादेव घना येथील पाणथळ व तीतील वाटा या मानवनिर्मित आहेत. शेती, संरक्षण, शिकार, संशोधन व पर्यटन असे त्यांच्या उपयोगाचे क्रमशः टप्पे दिसून येतात.

२. प्रत्येक टप्प्यावर बांधांची मूळ रचना बहुतांशी तीच राहिली. बदलला तो प्रवेशाचा अधिकार. शिकाऱ्यासाठी केलेली सपाट वाट निरीक्षकाला वारशाने मिळाली, तर गुराख्याची वाट बंद झाली.

३. संस्थानी काळातील शिकारव्यवस्थेने चराई सामावून घेतली होती. आधुनिक संरक्षणव्यवस्थेने ती वगळली. संरक्षण अधिक कठोर झाले म्हणजे ते अधिक शास्त्रीय झाले असे म्हणता येत नाही, हे १९८०-९० च्या अभ्यासाने दाखवून दिले.

४. सुगमतेचा विचार केवळ बाहेरून येणाऱ्या पाहुण्याच्या दृष्टीने केल्यास तो अपुरा ठरतो. दिव्यांग व वृद्ध पर्यटकाला वाट खुली करणे आणि स्थानिक माणसाला वाटेवरून हटविणे या दोन गोष्टी एकाच योजनेत घडू शकतात.

५. वाटेची देखभाल पाण्याच्या हमीशिवाय निरर्थक आहे. पाणथळ-पर्यटनाच्या कोणत्याही आराखड्यात प्रथम वार्षिक पाण्याचा हिशेब व त्यावरील इतर हक्कदारांशी करावयाचा करार असणे आवश्यक आहे.

समारोप

पाणथळीच्या काठाने चालण्याचा आनंद निर्विवाद आहे आणि तो अधिकाधिक लोकांना मिळावा याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या प्राध्यापकांनी मात्र दुर्बिणीसोबत काही प्रश्नही सोबत न्यावेत. हा बांध कोणी घातला? वाट होण्यापूर्वी येथून कोणाची गुरे जात होती? धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय कोण घेतो? नौकेवाला, गुराखी व कोळी यांना विचारल्यास यातील बहुतेक उत्तरे जागेवरच मिळतात. अशा मौखिक माहितीचे संकलन करणे हे इतिहास विभागाचे काम आहे, तर पक्ष्यांची व गवताची नोंद ठेवणे हे प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांचे. एकाच सहलीत ही दोन्ही कामे झाली तर आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा प्रत्यक्ष पाठ विद्यार्थ्यांना मिळेल. आणि आपल्या जिल्ह्यातील एखाद्या तलावाभोवती नवी वाट आखली जात असेल, तेव्हा तिचा आराखडा निश्चित होण्यापूर्वी त्या तलावावर आजवर चालत आलेल्या लोकांची यादी आपल्यापाशी तयार असेल.